तयारीचा शनिवार

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये बर्फ पडला की आधी पाव संपतो. मग दूध, मग ट्रेन, आणि शेवटी बातम्या देणाऱ्यांचे शब्द. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी संपता संपता आठवडाभर बर्फ पडला, त्यात हे सगळं मंगळवारी दुपारपर्यंत आटोपलं होतं. बुधवारी ऑफिसने घरूनच काम करा असं कळवलं. ट्रेडिंग इस्टेट या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात मालाची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. त्या आठवड्यात माल येतही नव्हता आणि जातही नव्हता, त्यामुळे सॉफ्टवेअर प्रथमच निर्दोष चाललं.

आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली होती. पुढच्या बुधवारी तिचं परतीचं विमान होतं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि ही आपली शेवटची खेप, असं तिने स्वतःच जाहीर केलं होतं. "मी तयार आहे गं, गुडघे तयार नाहीत," ती म्हणायची. खिडकीत बसून ती समोरच्या उतारावर पोरं बेकिंग ट्रेवर बसून घसरताना बघायची आणि तिला पोरांपेक्षा ट्रेची काळजी वाटायची. पण तिचं खरं लक्ष रविवारकडे होतं.

तो मार्चचा पहिला रविवार होता. आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: भाकरीचा एक तुकडा आणि छोट्या पेल्यात द्राक्षरस. स्लाऊमध्ये चाळीसेक मराठी माणसांची मंडळी एका इंग्रजी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन रविवारी दुपारी उपासना करते; ती चालवायला पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, हाउन्सलोहून येतात. मी तिथे आईची ड्रायव्हर म्हणून जायचे आणि शेवटच्या रांगेत बसायचे. देवाबद्दल मला शंका होत्या, कमिटीबद्दल मात्र खात्री होती.

कमिटीने त्या रविवारी बिशपसाहेबांना बोलावलं होतं. ते भारतातून लंडनला आलेच होते, तेव्हा त्यांचा सत्कार करायचा असं ठरलं. शाल, मानपत्र, दोन भाषांत आभार, आणि आठ फुटी बॅनर. बॅनरवर बिशपसाहेबांचा फोटो मोठा होता, सेक्रेटरीकाकांचा मध्यम आणि येशूचा कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकाराचा. प्रभुभोजन कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर होतं, मानपत्र वाचनानंतर.

आईला सत्काराचं काही नव्हतं. तिला प्रभुभोजन घ्यायचं होतं, आणि ते घेता येईल की नाही हा तिच्यापुढचा प्रश्न होता. कारण तिचं मावशीशी भांडण झालं होतं.

मावशी म्हणजे सख्खी नव्हे. मावशी आणि आई मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये एका ट्रंकेवर बसून अभ्यास केलेल्या मैत्रिणी. मावशी नर्स झाली, पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडला आली, इथल्या हॉस्पिटलांत रात्रपाळ्या करून निवृत्त झाली आणि नवरा गेल्यावर आमच्यापासून मैलभर अंतरावर एकटी राहत होती. आई दर खेपेला आली की दोघी रोज फोनवर तासभर बोलायच्या. जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून तो फोन बंद झाला. मावशी उपासनेला यायची थांबली. आईने फोन केला तर ती उचलत नव्हती.

आता यात अडचण काय, हे समजायला आमच्या गावातला शनिवार सांगायला हवा.

आमच्या गावी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा व्हायची. घंटा वाजायची आणि सभेच्या आधी मोठी माणसं एकमेकांच्या घरी जायची. ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याच्या दारात उभं राहून विचारायचं, "माझं तुमचं काही आहे का?" असेल तर तिथेच मिटवायचं. न मिटवता रविवारी भाकर घ्यायची नाही. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. हेडमास्तरांशी त्यांचं सायकलच्या पंपावरून वाजलं होतं, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, पंप हातात घेऊन गेले होते. आमच्या आळीतल्या दोन बायकांचं कोंबडीवरून वैर होतं. त्या शनिवारी गळ्यात पडून रडायच्या आणि बुधवारपर्यंत पुन्हा भांडायच्या. म्हणजे वर्षातून बारा वेळा समेट. लहानपणी मला ते सगळं नाटक वाटायचं. आता इतकंच म्हणते की बाराही वेळा त्या एकमेकींच्या दारात जात होत्या.

स्लाऊमध्ये तयारीची सभा नव्हती. पण आई पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी वही घेऊन बसायची आणि मंडळीतल्या बायकांना एकेक करून फोन करायची. "माझं काही चुकलं असेल तर सांगा." पुण्यामुंबईहून आयटीत आलेल्या तरुण मुली गोंधळून जायच्या. एकीने विचारलं होतं, "काकू, हा फीडबॅक कॉल आहे का?" आई म्हणाली, "हो, तसंच समज."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पेल्यांचा ट्रे आईसमोर आला तेव्हा तिने पेला उचलला नाही. शेजारणीकडे ट्रे सरकवला आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तिचा बाप्तिस्मा झाल्यापासून असं कधी झालं नसावं. गाडीत मी विचारलं तर म्हणाली, "तिच्याशी बोलल्याशिवाय नाही घेणार. कसं घेऊ?"

भांडण कशावरून, यावर आईचं ठाम मत होतं: रसावरून. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस घरी करतात. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. आई त्यासाठी मनुका भारतातून आणायची. नाताळच्या खास प्रभुभोजनासाठी मावशीने सुपरमार्केटमधून तयार द्राक्षरसाची बाटली आणली, आणि आईने चार बायकांदेखत ती बाजूला ठेवून आपला रस पेल्यांत ओतला. "तेच लागलं तिला," आई म्हणायची. "तिची बाटली मी अशी कोपऱ्यात ठेवायला नको होती."

कारण रस नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि दोन महिने मी गप्प होते.

मावशीची मुलगी एजवेअरला राहते. ती माझी मैत्रीण. डिसेंबरमध्ये तिने मला सांगितलं की तिने नवऱ्याला सोडलं आहे आणि मावशीशिवाय हे कुणालाच माहीत नाही. मी ते आईला सांगितलं, आणि वर म्हटलं, कुणाला सांगू नकोस. आईने शब्द पाळला. तिने कुणालाच सांगितलं नाही. तिने फक्त देवाला सांगितलं, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत, माईकवर, चाळीस माणसांसमोर. "प्रभू, आमच्या या भगिनीच्या मुलीचा मोडलेला संसार तू सांभाळ." ऐंशी डोळे मिटलेले होते आणि ऐंशी कान उघडे. मावशी पहिल्या रांगेत होती. आमेन झाल्यावर तिने पर्स उचलली आणि ती बाहेर गेली. आईला वाटलं, बसची वेळ झाली.

त्या संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज आला: "तू काकूंना सांगितलंस का?" मी त्याचं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग न देणं सोपं होत गेलं. आईला खरं सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार होतं, म्हणून मी तिला रसाची खंत करू दिली. कमिटीच्या बॅनरला हसणारी मी स्वतः अशी होते, याची ही नोंद.

गुरुवारी बॉयलरचा बाहेरचा पाइप गोठला. मी खुर्चीवर चढून त्यावर गरम पाण्याच्या किटल्या ओतल्या आणि आई खालून सूचना देत राहिली. शुक्रवारी सेक्रेटरीकाकांचा फोन आला. बिशपसाहेब बर्मिंगहॅमला अडकले होते. काका भावाच्या मरणाची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "सत्कार पुढे ढकलावा लागतोय." मी विचारलं, "आणि उपासना?" उपासना सत्काराशिवाय होऊ शकते, हा विचार त्यांना नवीन असावा. "बघू," म्हणाले. "पाळकसाहेब हाउन्सलोहून येऊ शकले तर."

आईने त्याच संध्याकाळी मनुका भिजवल्या.

"सभा होईल की नाही माहीत नाही," मी म्हटलं.

"रस तर होईल."

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात मनुकांच्या वाफेचा गोड, किंचित आंबट वास पसरला होता. तो वास मला सरळ आमच्या गावातल्या चुलीपाशी घेऊन गेला. वडील दाराशी बसून फडक्याचं एक टोक धरायचे आणि आई दुसरं पिळायची. या वेळी टोक मी धरलं. रस गाळून झाल्यावर आईने हात पुसले आणि कोट मागितला.

"कुठे निघालीस?"

"तिच्याकडे. शनिवार आहे."

"बस बंद आहेत. माझी गाडी बर्फाखाली आहे. घोट्यापर्यंत बर्फ आहे बाहेर."

"म्हणून तर तुझे बूट दे."

"मी व्हिडिओ कॉल लावून देते."

"ती उचलते का? आणि माफी काय व्हिडिओवर मागतात? दार तरी दिसायला हवं माणसाला." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "बुधवारी मी जाणार. पुन्हा येणार नाही. आम्ही दोघी पुन्हा भेटायच्या नाहीत, कळतंय का तुला?"

मला कळत होतं.

आम्ही निघालो. आईने नऊवारी नव्हे, साधी पाचवारी नेसली होती, पण ती घोट्याच्या वर खोचून, खाली माझ्या जाड सॉक्सच्या दोन जोड्या आणि रबरी बूट, वर माकडटोपी आणि माझा रेनकोट. एका हातात मॉपची काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. पिशवीत रसाची एक छोटी बाटली. रस्त्यात एकही गाडी नव्हती. एक म्हातारा इंग्रज गृहस्थ फावड्याने आपल्या दारासमोरचा बर्फ बाजूला करत होता. त्याने आईकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि आज जरा गारवा आहे असं म्हणाला.

चालताना आई माफीची तालीम करत होती. "मी म्हणेन, बाटली तुझी होती, मन तुझं होतं, मी मोठेपणा केला. बरोबर ना?"

"समोर बघून चाल," मी म्हटलं. अर्ध्या वाटेवर ती दमली. आम्ही बस थांब्याच्या छपराखाली बसलो. वेळापत्रकाचा पडदा इमानेइतबारे सांगत होता की पुढची बस चार मिनिटांत येते आहे. तो सकाळपासून तेच सांगत असणार.

"आई, भांडण रसावरून नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मैत्रिणीने मला काय सांगितलं होतं, मी काय केलं, आणि मेसेजचं उत्तर दिलं नाही तेही.

तिने माकडटोपी कानांवरून वर सरकवली.

"म्हणजे दोन महिने मी चुकीच्या पापावर मेहनत करतेय," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

तिने मॉपच्या काठीने बर्फात एक भोक पाडलं, मग दुसरं. "मी तर प्रार्थनाच केली ना. वाईट काय मागितलं?" आणखी एक भोक. "नाही. खरं सांगू का? सगळे म्हणतात, काकू प्रार्थना फार छान करतात. माईक हातात आला की मलाही बरं वाटतं. त्या दिवशी देव ऐकतोय यापेक्षा हॉल ऐकतोय, हे मला जास्त कळत होतं." तिने काठी उचलली. "चल. गार झालं की गुडघा उठू देत नाही."

मावशीने दार साखळी न काढता उघडलं. फटीतून एक चष्मा, पांढऱ्या केसांचा बुचडा आणि जुना निळा कार्डिगन दिसला. तिने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पायात काय घातलंयस हे?"

"हिचे बूट."

"दोन नंबर मोठे आहेत. पाणी गेलं असेल आत. अक्कल नाही तुम्हा दोघींना." साखळी निघाली. "आधी आत या."

आईला बोलायची संधीच मिळाली नाही. मावशीने तिला खुर्चीत बसवलं, बूट ओढून काढले, ओले सॉक्स काढले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. मग कोमट पाण्याचा टब आणला, कोपराने पाणी तपासलं आणि गुडघे टेकून आईचे पाय त्यात ठेवले. ती नर्स होती. थंडीने बधिर झालेले पाय असेच शेकतात. यात कुणी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट वाचू नये असं मी तेव्हा स्वतःला बजावलं, आणि बायबल इतक्या वेळा वाचलेलं असल्याचा मला पश्चात्ताप झाला.

आई वाकून म्हणाली, "माझं तुझं काही आहे."

"पाय हलवू नकोस."

"मी तुझ्या लेकीचं दुःख माईकवर मांडलं. चारचौघांत. मला ते करायला नको होतं."

मावशी टॉवेलची घडी उलगडत राहिली. "बायका मला कोथिंबीर विकत घेताना अडवतात," ती म्हणाली. "म्हणतात, आम्ही पण प्रार्थना करतोय हं. एकीने तर हाताला हात लावून डोळेच मिटले, भाजीच्या दुकानात. पोरीने मला विचारलं, मम्मी, तू सांगितलंस? माझ्याच पोरीने."

तोवर मी दाराशी उभी होते. "मावशी, मी सांगितलं आईला. तुझ्या लेकीने मला विश्वासाने सांगितलं होतं. आणि नंतर विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. वॉर्डमधल्या पेशंटना ती नजर माहीत असणार. "तुझं तू तिच्याशी मिटव. मी मध्ये पडणार नाही. आज बोल, उद्या नको."

"हो."

"आणि तू," ती आईला म्हणाली, टॉवेलने एकेक बोट पुसत, "प्रार्थना चांगली होती. मला राग त्याचाच आला. रडायला आलं मला, आणि मला तिथे रडायचं नव्हतं." शेवटी मावशी उठली. "या पिशवीत काय आहे?"

"रस. उद्यासाठी. चाखून बघ, साखर नाही घातली."

मावशीने चमच्यात घेऊन चाखला. "बोर्डिंगमध्ये यापेक्षा आंबट असायचा," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

मी बाहेर पायरीवर उभी राहून मैत्रिणीला फोन लावला. तो संवाद इथे लिहीत नाही. मला तिच्याकडून दुसऱ्यांदा काही बाहेर न्यायचं नाही. इतकंच सांगते की तिला मला माफ करायला उन्हाळा उजाडला.

रविवारी हॉलमध्ये अकरा माणसं होती. पाळकसाहेब आठवडाभर विमानतळावर कार्गोत काम करतात. ते एका ग्रिटवाल्या लॉरीतून, रस्त्यावर मीठ आणि वाळू टाकत टाकत आले, आणि त्यांच्या झग्याखालून कामाचे बूट दिसत होते. हीटिंग बंद होतं, सगळे कोट घालून बसले. दाराशी बर्फ वितळून तळं झालं होतं आणि एक आजी घसरता घसरता वाचल्या, तेव्हा पाळकसाहेबांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "पसरायला काही आहे का मोठं?" सेक्रेटरीकाकांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी गुंडाळलेलं बॅनर आणलं, दोन क्षण छातीशी धरलं, आणि मग स्वतःच्या हातांनी जमिनीवर पालथं अंथरलं. फोटोची बाजू खाली. त्या दिवसापासून मला काकांबद्दल बरं वाटतं.

मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी सवयीने आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. "आज मनातल्या मनात करते," ती म्हणाली. सगळ्या हॉलमध्ये शांतता झाली, छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडल्याचा आवाज आला, आणि मला वाटतं तिथे ऐकलेली ती सगळ्यात चांगली प्रार्थना होती. तिच्यात काय होतं ते मला माहीत नाही.

ट्रे मावशीने फिरवला. आईपाशी आल्यावर ती थांबली. आईने पेला उचलला.

बुधवारी विमानं सुरू झाली होती. विमानतळावर दोघी एकमेकींना पुन्हा भेटू असं म्हणाल्या नाहीत. मावशीने आईच्या पिशवीत नवे लोकरी सॉक्स कोंबले आणि पायाकडे लक्ष ठेव म्हणाली. दोन वर्षांनी आई गावीच वारली. शेवटच्या मनुकांची पिशवी माझ्या फळीवर अजून आहे. बुरशी नाही, फक्त कडक झाल्या आहेत.

मी अजून शेवटच्या रांगेतच बसते, आणि शंका होत्या तिथेच आहेत. पण महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, माझा फोन वाजतो. मावशी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे आणि फोनवर हॅलो म्हणत नाही.

"माझं तुझं काही आहे का?"

"नाही, मावशी."

"नीट आठव."

मी नीट आठवते. कधी कधी असतं.